सातवी पकड

खांबेट्यांसमोर नुसतं ‘रग्बी’ म्हणायची सोय नव्हती. लगेच चष्म्यावरून बघत विचारायचे, “कुठली?” रग्बी नावाचा खेळ असतो हेच पुण्यात फार जणांना ठाऊक नाही. तो दोन प्रकारचा असतो हे ठाऊक असलेला बहुधा एकच माणूस सगळ्या पेठांमध्ये होता, सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहत होता, आणि समोरच्यालाही ते माहीत असणारच असं धरून चालत होता. मी त्यांच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. कॉलेजच्या कबड्डी संघात होतो आणि हातात आमच्या सरांची चिठ्ठी होती. म्हटलं, “रग्बीसाठी आलोय.”

“कुठली?”

“फुरसुंगीची,” मी म्हणालो.

त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं. हसले नाहीत. चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, “बसा, कामठे. चेंडू हातानं पुढे टाकायचा नाही, मागेच द्यायचा, एवढं एक लक्षात ठेवा. बाकीचं पोहे येईपर्यंत सांगतो.” पोहे यायच्या आत खरोखरच सगळं सांगून झालं. पोहे आले, हे पेठेबाहेरच्या वाचकांसाठी मुद्दाम नोंदवतो.

खांबेटे स्वतः रग्बी कधी खेळले नव्हते. कुठलीच. पिंपरीकडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले होते आणि पेठेतल्या एका क्रीडा मंडळाचे चिटणीस होते. मंडळ खो-खोचं. एक दिवस राज्य संघटनेकडून मंडळाला फॉर्म आला, की आपल्या विभागाचा रग्बी संघ उभा करायचा असल्यास कळवावे. खाली दोन चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं ‘युनियन’, दुसऱ्यापुढे ‘लीग’. आता कुणाला तरी विचारावं की नाही? पण विचारणं हा खांबेट्यांचा स्वभाव नव्हता. “युनियन म्हटलं की मला कारखान्याच्या गेटवरचा तंबू दिसतो,” ते सांगायचे. “साखळी उपोषण, घोषणा, आणि मधोमध मी, स्टोअरची किल्ली घेऊन. म्हटलं, खेळात तरी ती भानगड नको.” आणि त्यांनी लीगच्या चौकोनात खूण केली.

जगात ज्याला नुसतं रग्बी म्हणतात ती पंधरा जणांची युनियन. लीग म्हणजे तेरा जणांचा वेगळा खेळ, नियम वेगळे, गुण वेगळे. राज्यातल्या इतर सगळ्या विभागांनी युनियनवर खूण केली होती. संघटनेचा फोन आला, तुमची काहीतरी चूक झालेली दिसते, बदलून देऊ का? “खूण पेननं केली आहे,” खांबेटे म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्याखेरीज लीग निवडणारा संघ एकच निघाला, विदर्भाचा. त्यांनी ती का निवडली हे आम्हाला पुष्कळ वर्षं कळलं नाही. अशा रीतीनं आमच्या संघाला अख्ख्या राज्यात एकच प्रतिस्पर्धी होता, आणि त्यांना आम्ही.

मालतीकाकूंचं, म्हणजे खांबेट्यांच्या पत्नीचं, या सगळ्यावर एवढंच मत होतं, “तेरा कप चहा. दुसरी घेतली असती तर पंधरा झाले असते. मला न विचारता घेतलेला यांचा हा एकच निर्णय बरा निघाला.”

संघाचं पूर्ण नाव ‘पश्चिम विभाग रग्बी लीग प्रातिनिधिक संघ’. यातल्या ‘प्रातिनिधिक’वर खांबेट्यांचा फार जोर. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, सगळ्यांचं कुणीतरी हवंच. प्रत्यक्षात नऊ जण पुण्याचे होते. साताऱ्याचा जो होता तो हडपसरला राहायचा. सांगलीचा म्हणून घेतलेल्याची आत्या सांगलीला दिली होती. कोल्हापूरचा मात्र अस्सल कोल्हापूरचा होता, आणि तेवढ्या एका गोष्टीचा त्याला फार गर्व होता. सोलापूरचं काही केल्या कुणी मिळेना, तेव्हा खांबेट्यांनी मला बोलावलं.

“कामठे, फुरसुंगी सोलापूर रस्त्यालाच ना?”

“लागूनच हाय,” मी म्हणालो.

पुढची सगळी वर्षं मी सोलापूरचं प्रतिनिधित्व केलं. सोलापूरला मी आजतागायत गेलेलो नाही.

आमचं मैदान मुठेच्या काठाला होतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मैदान आधी दिसेनासं व्हायचं, मग आठवडाभर नुसता चिखल. खांबेटे संघाचा इतिहास लिहीत होते, पहिल्या दिवसापासून, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत. प्रत्येक सामन्याला एक पान. दिनांक, स्थळ, गुण आणि शेवटची ओळ ‘कारण’. प्रत्येक निकालाला एक कारण असतं आणि ते शोधून एका शब्दात लिहिणं म्हणजे इतिहास, अशी त्यांची समजूत होती. ‘सामना रद्द. कारण: धरण.’ ‘सामना हरला. कारण: कर्णधाराचा साखरपुडा.’ ‘सामना हरला. कारण: आपण.’ हे शेवटचं तीन पानांवर होतं.

“काका, अहो जरा सविस्तर लिहा की,” मी एकदा म्हणालो. “जिद्दीनं लढलो वगैरे.”

“वगैरे ही माहिती नव्हे,” खांबेटे म्हणाले.

लीगचा एक नियम इथे सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना सहा वेळा पकडलं जाईपर्यंतच खेळता येतं. सहाव्यांदा पकडले गेले की चेंडू समोरच्यांना द्यायचा. ‘टॅकल’ हा शब्द खांबेट्यांना चालत नसे, ते ‘पकड’ म्हणत. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून ते पकडी मोजायचे. डाव्या हातात छत्री, उन्हाळा असो की पावसाळा. उजव्या हाताची पाच बोटं एकेक करून वर यायची आणि सहाव्या पकडीला छत्री धरलेल्या डाव्या हाताचा अंगठा उभा राहायचा. मग शेजारच्या सोसायटीला ऐकू जाईल असं ओरडायचे, “सहा झाल्या! चेंडू त्यांचा!” आमच्या बाजूचा माणूस आमच्याच विरुद्ध इतक्या उत्साहानं ओरडतो हे पाहून नवीन खेळाडू बिचकायचे.

हळूहळू हा नियम त्यांनी मैदानाबाहेरही लागू केला. मैदानावरचा नळ दुरुस्त व्हावा म्हणून महापालिकेला सहा अर्ज दिले आणि थांबले. काकूंनी गच्चीवर कुंड्या ठेवायचा विषय सहा वेळा काढला, सहाव्यांदा कुंड्या आल्या. एकदा स्वारगेटला आम्ही दोघं उभे होतो, माझ्या खांद्यावर तेरा चिखलाळलेल्या जर्सींची पिशवी. सहा रिक्षावाल्यांनी सदाशिव पेठ ऐकून मान हलवली. सातवी रिक्षा आपणहून आली, थांबली, आणि रिक्षावाला चक्क म्हणाला, “बसा काका.” पुण्यात असं घडतं तेव्हा माणसानं देवाचे आभार मानून आत बसावं.

“नको,” खांबेटे म्हणाले. “सातवी नसते.”

आम्ही चालत गेलो. वाटेत मी मनातल्या मनात त्यांना जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

विदर्भाशी आम्ही दर वर्षी हरायचो. कधी इथे, कधी तिकडे जाऊन. मग तो शेवटचा सामना आला, मुठेकाठी. पंच म्हणून जे गृहस्थ आले ते त्या दुसऱ्या रग्बीचे. त्यांच्या खेळात पकडी मोजायचा प्रकारच नाही, त्यामुळे त्यांचा आकडा सारखा चुकायचा. विदर्भाचा कर्णधार वानखडे, उंच, शांत मुलगा. त्यानंच तोडगा सुचवला, “काका तं मोजतातच न. काकांचे बोटं चालतील आम्हाले.” तेव्हापासून पंच प्रत्येक पकडीनंतर कडेला बघून विचारायचे, “कितवी?” आणि खांबेटे बोटं दाखवायचे. दोन्ही संघ ते मानायचे. समोरच्या संघाचा माणूस मोजणार आणि आपण मान्य करणार, असा विश्वास मी नंतर विम्याच्या धंद्यात कधी पाहिला नाही.

शेवटचं मिनिट. आम्ही बारा गुणांवर, ते चौदा. चेंडू आमच्याकडे. त्यांच्या टोकाच्या रेषेपासून दहा-बारा पावलांवर आमचा कर्णधार पकडला गेला. पंचांनी विचारलं, “कितवी?” खांबेट्यांनी उजव्या हाताची पाच बोटं दाखवली. म्हणजे अजून एक संधी होती. कर्णधारानं चेंडू मागे दिला, तिथून माझ्याकडे आला, मी कडेनं पळालो आणि रेषेपलीकडे चेंडूवर पडलो. चार गुण. सोळा-चौदा. शिट्टी.

त्या क्षणाचा एक फोटो आहे. त्यात मी पालथा पडलोय, चेहरा चिखलात. आईनं तो फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय. पाहुणेरावळे विचारतात, यात तुमचा पोरगा कुठला? आई म्हणते, “पाठ त्याचीच हाय.” आयुष्यात मी जिंकलेली ती एकमेव गोष्ट. संघानं जिंकलेला तो एकमेव सामना. पुढच्या वर्षी संघटनेनं फॉर्मवरून लीगचा चौकोनच काढून टाकला आणि आमचा संघ संपला. मैदानावर आता लग्नाचं लॉन आहे.

मधे बरीच वर्षं गेली. गेल्या वर्षी खांबेट्यांचा फोन आला, की इतिहास छापायचा आहे, तुम्हाला टाइप करता येतं का? मी दर रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन जाऊ लागलो. ते वाचून दाखवत, मी टाइप करत असे. धरणं झाली, साखरपुडा झाला, ‘आपण’ तीन वेळा झालं. शेवटच्या सामन्याचं पान आलं. दिनांक होता, स्थळ होतं, सोळा-चौदा होतं. कारणापुढे काहीच नव्हतं.

“लिहा की,” मी हसत म्हणालो. “कारण: कामठे.”

खांबेट्यांनी वही मिटली. “ती सहावी होती, कामठे. मी पाच दाखवली. तुम्ही पळालात ती सातवी.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. म्हटलं, “छत्री होती डाव्या हातात. अंगठा दिसला नसेल पंचांना.”

“छत्रीला मधे आणू नका. अंगठा काढायला छत्री कधीच आड आली नाही. त्या दिवशी मी काढला नाही.”

“पण का?”

“तुम्ही कडेला मोकळे उभे दिसलात,” ते म्हणाले.

मला राग आला, सांगून टाकतो. भयंकर आला. एवढी वर्षं गप्प बसलात ना, मग आता कशाला उकरून काढताय, आईनं फोटो लावलाय घरात, असं मी खूप काही बोललो. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “चेंडू त्यांचा होता. तो परत केल्याशिवाय हे पान भरता येत नाही. आणि रिकामं पान ठेवून मी इतिहास छापणार नाही.” मी लॅपटॉप मिटला आणि चहा न घेता निघून आलो. तीन रविवार गेलोच नाही.

चौथ्या रविवारी काकूंचा फोन आला. खांबेट्यांना पोटाचा कॅन्सर निघाला होता. धावत गेलो. ते कॉटवर बसून पेपर वाचत होते. “सहा डोस म्हणालेत,” त्यांनी मला सांगितलं. “या लोकांनी नियम वाचलेला दिसतो.” मग उशीखालून एक कागद काढला. विदर्भ संघाच्या जुन्या पत्त्यावर त्यांनी कबुलीची पत्रं पाठवली होती, त्यांच्या तारखा. सहा. एकाचंही उत्तर नव्हतं. “सातवं मी लिहिणार नाही,” ते म्हणाले. “तुम्ही माणूस शोधा.”

मला शोधायचं नव्हतं. चार डोस होईपर्यंत टाळलं. माझी एकुलती एक जीत परत करायला मीच माणूस शोधून आणायचा, हा कुठला न्याय? पण त्यांचं मनगट पाहिलं, घड्याळ पार कोपराकडे सरकत होतं, आणि मी चार फोन फिरवले. वानखडे सापडला वाकडला. आठ वर्षं तो पुण्यातच होता, एका आयटी कंपनीत. आम्ही रोज एकाच सिग्नलला हेल्मेट घालून एकमेकांना शिव्या दिल्या असण्याची शक्यता आहे. मी त्याला एवढंच सांगितलं, की काका आजारी आहेत, तुझ्याशी काही बोलायचंय म्हणतात. “येतो न,” तो म्हणाला. “या संडेलाच येतो.”

पाचवा डोस होऊन गेला होता. खांबेट्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो त्यांना दोन माणसं मावतील एवढा मोठा होत होता. काकूंनी पोहे आणले. खांबेट्यांनी आधी वानखड्याला इतक्या वर्षांचा राहिलेला प्रश्न विचारला, “तुम्ही लीग का निवडली होती हो?”

“तेराच जण जमले होते न काका.”

खांबेटे हसले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. ठसका लागेपर्यंत हसले. पाणी प्यायले, सरळ बसले आणि म्हणाले, “वानखडे, तुमचा चेंडू माझ्याकडे राहिलाय.” मग सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. छत्रीचं नाव घेतलं नाही.

वानखड्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, “माहीत होतं न काका आम्हाले.”

“काय माहीत होतं?”

“सातवी होती ते. आम्ही पण मोजून राहिलो होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणारच होतो. पण पंचासंग भांडत बसलो असतो तं साडेसहाची गाडी सुटली असती न आमची. तेरा जणांचं रिझर्वेशन. म्हटलं, जाऊ द्या, घरी पोचणं महत्त्वाचं.”

खांबेट्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं. “साडेसहाची,” ते म्हणाले.

“हो न. साडेसहाची.”

“असं,” खांबेटे म्हणाले. आणि आत वळून काकूंना हाक मारली, “अगं, वानखड्यांना अजून पोहे वाढ.”

वानखडे खाली जिन्यात बुटाची नाडी बांधत बसला. फार वेळ बांधत होता. मी विचारलं, “खरंच गाडी होती रे?”

“कुठची गाडी? मुक्कामी होतो न आम्ही, इथंच मंगल कार्यालयात. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीला जाऊन मग दुपारी निघालो.”

“आणि मोजत होतात ते?”

“कोण मोजते? काकांचे बोटं होते न.” त्यानं नाक पुसलं. “काय सांगू मग मी त्यांना? तुम्ही सांगा.”

त्यांच्या मुक्कामाचंही मला ठाऊक नव्हतं. जिंकलेल्या संध्याकाळी पाहुणे कुठे गेले, कुठे जेवले, हे मी बघितलंच नव्हतं. आता पंचाईत माझी होती. ‘वगैरे’सुद्धा न चालणाऱ्या माणसाच्या इतिहासात आता एक खोटी रेल्वे धावणार होती आणि ती मीच हाताला धरून त्यांच्या घरात आणली होती. खरं सांगायला मी चार वेळा गेलो आणि चारही वेळा चहा पिऊन परत आलो. पुस्तकाबद्दल ते काही बोलत नव्हते. सहावा डोस झाला त्या दिवशी दवाखान्यातून घरी आणताना म्हणाले, “सहा झाले, कामठे.”

“काका, दवाखान्यात हा नियम नसतो.”

“असतो. तुम्ही वाचलेला नाही.”

नंतर बाराव्या दिवशी ते गेले. मी त्याच जिन्यात, वानखडे बसला होता त्याच पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. वडील गेले तेव्हा आई बघेल म्हणून रडता आलं नव्हतं, तेही त्यातच रडून घेतलं.

तेराव्याला संघ आला. आम्ही बारा जण होतो, कोल्हापूरचा दुबईला असतो. तेरावा वानखडे. काकूंनी आतून डोकावून माणसं मोजली आणि तेरा कप मांडले. चहा झाल्यावर त्यांनी ती वही आणून माझ्या हातात दिली. “सगळी पानं भरलीत म्हणाले होते. आता छापा.”

मी शेवटचं पान उघडलं. तिथे ‘कारण: रेल्वे’ असणार, हे मी धरूनच चाललो होतो. अक्षर थरथरलेलं होतं, पण वाचता येत होतं. मी वाचलं आणि वही वानखड्याकडे दिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यानं वाचायला सुरुवात केली, आणि शेवटच्या शब्दापाशी तो थांबला. शेवटी काकूंनी वही घेतली आणि पूर्ण केलं.

‘सामना जिंकला. सोळा-चौदा. शेवटची धाव सातवी होती. बोटं माझी, पंचांचा दोष नाही. विदर्भ संघाचा मुक्काम पेठेतच होता. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची, तिकिटं मीच काढली होती. कारण: पाहुणे.’